भूमध्यसागरी रानलसूण आणि आपला रसोन

२०२५ च्या पावसाळ्याच्या आरंभी घडलेला प्रसंग. गेली बारा-चौदा वर्षे आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी लशुनादि वटीची अर्धी संपलेली डबी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "वैद्यबुवा, ह्या खेपेच्या गोळीला वासच नाही. एरवी डबी उघडली की सून खिडकी उघडायची. आता तीच विचारते, गोळ्या बदलल्या का म्हणून." पोटफुगीची त्यांची जुनी तक्रार पुन्हा वाढली होती. परंतु त्या बोलत होत्या त्या वासाविषयी, आणि तक्रारीपेक्षा त्या निरीक्षणाने मी अधिक चमकलो. डबी नाकाशी धरली. हिंग होता, त्रिकटूचा तिखटपणा होता, गंधकाची छटा होती. हिंगामागे लसणाचा दर्प लपतो हे खरे. तरी ज्याने वर्षानुवर्षे ही वटी वळवून घेतली आहे त्याला त्या दोन वासांमधील भेद कळतो. लसूण तेथे नव्हता. निदान आपण ज्याला लसूण म्हणतो तो नव्हता.

प्रस्तुत लेखक वैद्यकव्यवसायाबरोबर एक लहानशी परवानाप्राप्त औषधशाळाही चालवितो, म्हणून ही चूक दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नव्हती. नोंदवही काढली. त्या खेपेचा लसूण एप्रिलमध्ये, आमच्याच तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याकडून घेतलेला. २०२४ च्या आरंभी किरकोळ बाजारात लसणाने किलोला चारशे रुपयांची मजल ओलांडली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या भावाकडे पाहून पुष्कळांनी त्या वर्षीच्या हिवाळ्यात लसूण लावला. ह्या तरुणाला कोणीतरी परदेशी जातीचे बेणे दिले होते. गड्डा मोठा, उत्पन्न दुप्पट, निर्यातीला मागणी आणि माल परत विकत घेण्याची हमी. माल निघाला तेव्हा हमी देणारा दूरध्वनी उचलीना, आणि भाजीमंडईतील आडत्याने "हा कसला लसूण?" म्हणून गड्डे बाजूला सारले. तेव्हा तो आमच्याकडे आला. "काका, औषधाला तरी चालेल ना?" असे त्याने विचारले. मी चालेल म्हटले. एकेक पाकळी लहान लिंबाएवढी, पांढरीशुभ्र, सोलायला सोपी. लसूण सोलून ज्यांची नखे भाजतात त्या आमच्या मावशींनी तर त्या दिवशी निम्म्या वेळात काम उरकले आणि मला दुवा दिला. त्यातील एक पाकळी चावून पाहावी, एवढे मला सुचले नाही.

कोठारात काही गड्डे न साफ केलेले पडून होते. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना ते दाखविले. त्यांनी गड्डा उलटा करून बुडाशी चिकटलेल्या, देठ असलेल्या, पिवळट तपकिरी कठीण कवचाच्या लहान लहान कंदिकांवर बोट ठेवले आणि सांगितले, की हा लसूण नव्हे. हा ॲलियम ॲम्पेलोप्रासम. बाजारात ज्याला हत्ती लसूण म्हणतात तो. लसणापेक्षा लीक नावाच्या विलायती भाजीशी त्याचे नाते अधिक जवळचे. त्याचे मूळ घर भूमध्य समुद्राचा किनारा.

पुढील काही महिने मी ह्या वनस्पतीविषयी मिळेल ते वाचले. जे हाती लागले ते वैद्यबंधूंपुढे आणि विशेषेकरून औषधशाळाचालकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण येथे प्रश्न एका गोळीच्या वासापुरता नाही.

दक्षिण युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांनी वेढलेल्या त्या समुद्राभोवती ही वनस्पती आजही रानटी अवस्थेत वाढते. किनाऱ्यावरची वाळू, खडकांच्या फटी, पडीक शेते, द्राक्षमळ्यांचे बांध ही तिची स्थाने. तिचे नावच ते सांगते. ग्रीक भाषेत 'आम्पेलोस' म्हणजे द्राक्षवेल आणि 'प्रासोन' म्हणजे लीक. अर्थात द्राक्षमळ्यातील लीक. हेच नाव लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नामावलीत घेतले. त्या प्रदेशातील ऋतुमान आपल्या उलट आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून हा कंद शरदात पाने काढतो, हिवाळाभर ती वाढवितो आणि वसंत सरता सरता दांडा उभारतो. दांडा पुरुषभर उंच होतो. माथ्यावर जांभळट गुलाबी फुलांचा, शेकडो फुले असलेला गोल गेंद येतो. तोवर खालची पाने वाळू लागलेली असतात. मग भर उन्हाळ्यात वाळूखाली फक्त कंद उरतो, आणि त्याच्याभोवती त्या कठीण कवचाच्या कंदिका. अंकुर धरण्यापूर्वी त्या बराच काळ जमिनीत स्वस्थ राहू शकतात. खाऱ्या वाऱ्याच्या, पाणी न धरणाऱ्या वाळूच्या त्या भूमीत तग धरण्याची ही व्यवस्था आहे.

ह्या एका रानटी जातीतून माणसाने निरनिराळ्या देशांत निरनिराळी पिके घडविली. युरोपात दांड्यासाठी लीक, इजिप्तमध्ये पानांसाठी कुर्रात, इराणमध्ये जेवणासोबत कच्ची खाल्ली जाणारी तरे, आणि कंदासाठी हा मोठ्या पाकळ्यांचा प्रकार. रोमचा सम्राट नीरो आवाज सुधारावा म्हणून महिन्यातील ठराविक दिवशी तेलाबरोबर केवळ लीकच खात असे, असे प्लिनीने नोंदविले आहे. भावमिश्रांनी लशुनाच्या गुणांत 'कण्ठ्य' हा गुण सांगितलेला असल्यामुळे ही नोंद वाचून गंमत वाटली. पुरावा म्हणून तिला किंमत नाही. इटलीतील तोस्काना प्रांतात किआना नदीच्या खोऱ्यात ह्याच जातीचा मोठा 'आल्योने' शतकानुशतके पिकतो आणि जाड शेवयांवर त्याची टोमॅटोबरोबर शिजविलेली चटणी घालतात. तो खाल्ल्यावर तोंडाला दर्प येत नाही, म्हणून तिकडे त्याला लाडाने प्रेमिकांचा लसूण म्हणतात. स्वयंपाकघरात हा गुण खरा. वैद्याने मात्र हे वाचताना थांबावे. जो दर्प तेथे नको आहे, त्याच दर्पासाठी आपण लसूण योजतो.

'हत्ती लसूण' हे नाव तर अगदी अलीकडचे आणि निव्वळ व्यापारी आहे. १९४१ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात, सायो नावाच्या गावी युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या बागांत एका रोपवाटिकाचालकाला हे मोठे कंद आढळले. त्याने ते वाढविले आणि पुढे १९५० च्या दशकात 'एलिफंट गार्लिक' ह्या नावाने विकावयास काढले. म्हणजे ज्या नावामुळे तो आपल्या कोठारात लसूण म्हणून शिरतो, ते नाव एका रोपवाटिकेच्या सूचिपत्रात जन्मले.

ह्याउलट भूमध्यसागराच्या काठी ज्यांनी ही वनस्पती रोज पाहिली, त्यांनी तिची लसणाशी कधी गल्लत केली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात आशिया मायनरमध्ये जन्मलेला डायोस्कोरायडीस हा ग्रीक वैद्य. त्याच्या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात लसूण वेगळा, लीक वेगळा आणि हा द्राक्षमळ्यातील लीक वेगळा सांगितला आहे. शेवटचा पोटाला लीकपेक्षा अपायकारक, अधिक उष्ण आणि मूत्रल असे तो म्हणतो. त्याच ग्रंथात 'स्कोरोडोप्रासोन', म्हणजे शब्दशः लसूण-लीक, असे एक द्रव्य येते. ते लीकएवढे मोठे होते, दोहोंचे गुण त्यात मिश्र असतात, आणि लसूण जे करतो तेच ते करते, पण कमी सामर्थ्याने, असा त्याचा अभिप्राय आहे. हे वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कोठारातील ते लिंबाएवढ्या पाकळ्यांचे गड्डेच आले. दोन सहस्र वर्षांपूर्वी, सूक्ष्मदर्शक आणि रसायनशाळा यांवाचून, जिभेने आणि रुग्णाने त्या वैद्याला जे सांगितले, ते आमच्या गावातील आजींनी मला सांगितले.

आधुनिक रसायनाने त्याचे कारण दाखविले आहे. अखंड लसणात ॲलिन नावाचे गंधहीन द्रव्य असते. पाकळी चिरडली की ॲलिनेझ हे किण्व त्याच्याशी भिडते आणि क्षणार्धात ॲलिसिन तयार होते. लसणाचा तीव्र दर्प तो हाच. ॲलिसिनचा शोध १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी लावला. काही वर्षांनी श्टोल आणि झेबेक यांनी त्याची जननी ॲलिन ओळखली. भूमध्यसागरी जातीत ॲलिन असते, पण लसणाच्या मानाने पुष्कळ कमी. तिच्या जोडीला कांदा-लीक यांच्या कुळात आढळणारी इतर गंधकयुक्त द्रव्ये असतात. रंगसूत्रांची संख्यादेखील निराळी आहे. लसणात १६, हत्ती लसणात ४८. ही दोन भावंडे नव्हेत, फार तर चुलत घराण्यातील.

येथे एक शंका सुज्ञ वाचक घेतील, आणि ती योग्य आहे. चरकांनी गुल्मचिकित्सेत सांगितलेल्या लशुनक्षीरात शुद्ध आणि शुष्क लशुन चार पल घेऊन आठपट क्षीरोदकात दूध शेष राहीपर्यंत आटवावयाचे असते. उकळीत ॲलिनेझ टिकत नाही. मग त्या कल्पात ॲलिसिनचा मुद्दा कितीसा उरतो? मला वाटते, फारसा उरत नाही. आणि म्हणूनच लसणाचे सर्व सामर्थ्य एका ॲलिसिनच्या आकड्यात बसविणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु ह्यातून दुसरी जात चालेल असे निष्पन्न होत नाही. जननी द्रव्येच भिन्न प्रमाणात असतील, तर उकळून उरणारी द्रव्येही भिन्नच असणार. गृध्रसी, उदावर्त आणि हृद्रोग यांवर ज्या द्रव्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या साठत आला, तो अनुभव ज्या कंदाचा आहे त्याच कंदाचा. दुसऱ्या कंदाला तो वारसाहक्काने मिळत नाही.

लशुनादि वटीची गोष्ट तर ह्याहून नाजूक. वैद्यजीवनातील हा योग निंबूरसाच्या भावनेने सिद्ध होतो. लिंबाचा रस तीव्र आम्ल, आणि तीव्र आम्लात ॲलिनेझ निष्क्रिय होते. सोललेला लसूण सरळ लिंबाच्या रसात टाकून वाटला, तर दर्प जन्मण्यापूर्वीच दबतो. लसूण आधी एकटा खलात बारीक वाटून दहा मिनिटे तसाच ठेवला आणि मग त्यात इतर चूर्णे व निंबूरस घातला, तर गोळीत लसूण राहतो. आमच्या औषधशाळेत जुन्या कारागिरांची रीत दुसरी होती. वेळ वाचावा म्हणून मधल्या काळात ती सुटली होती, हेही ह्या चौकशीत उघड झाले. म्हणजे त्या खेपेच्या गोळीत आधीच दुर्बळ असलेला कंद, आणि त्यावर आमची घाई. दोष सगळा त्या परदेशी कंदावर टाकणे बरोबर होणार नाही.

आता शास्त्राकडे वळू. 'रसोन' ह्या नावाची व्युत्पत्ती सर्वांना पाठ आहे. एका रसाने ऊन, तो आम्लरहित. भावप्रकाशात उरलेल्या पाच रसांची स्थानेही दिली आहेत. मुळाशी कटु, पानांत तिक्त, नाळेत कषाय, नाळेच्या अग्री लवण आणि बीजात मधुर. विद्यार्थिदशेत हे सूत्र आपण घोकतो, पण बीज या शब्दापाशी कोणी थांबत नाही. आपल्या शेतातील लसणाला बी धरत नाही. तो पाकळीपासूनच वाढतो. मध्य आशियातील काही वाण बीज धरू शकतात, हे संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखविले. लसणाचे मूळ घर तेच मानले जाते. तिकडेच, कुचा येथे १८९० साली सापडलेल्या बॉवर हस्तलिखिताचा आरंभ लशुनाच्या प्रशंसेने होतो, हेही येथे आठवते. मग भावमिश्रांनी चाखलेले बीज कोणते? लसणाच्या दांड्यावर काही वाणांत येणाऱ्या कंदिकांना त्यांनी बीज म्हटले, की बीज धरणारा एखादा वाण त्यांच्यापर्यंत पोहोचला होता? माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. ज्यांना पुरावा ठाऊक असेल त्यांनी जरूर लिहावे.

एका विद्वान स्नेह्यांनी मात्र हाच धागा धरून मला उलट प्रश्न केला. भूमध्यसागरी रानटी जातीला विपुल काळे बी येते. तेव्हा निघंटूतील रसोन म्हणजे तीच कशावरून नसेल? युक्तिवाद चतुर आहे, पण टिकत नाही. एक बी जुळते म्हणून बाकीचे वर्णन सोडून देता येत नाही. भावप्रकाशात लशुन स्निग्ध, उष्ण, तीक्ष्ण, गुरु, सर. रस कटु व मधुर, विपाक कटु. ह्या मालिकेतील 'तीक्ष्ण' हा शब्द हत्ती लसणाला लावून पाहावा. कच्ची पाकळी चावली तर प्रथम गोडसर, पाणचट लागते, मागाहून सौम्य तिखटपणा आणि जराशी कडवट चव. डोळ्यांत पाणी येत नाही, कान तापत नाहीत. ज्याच्या सेवनाचा काळ, सात्म्य आणि पथ्य सांगण्यासाठी काश्यपसंहितेत स्वतंत्र लशुनकल्प योजावा लागला, ते द्रव्य इतके निरुपद्रवी असणे शक्य नाही.

त्याच काश्यपसंहितेत गिरिज आणि क्षेत्रज असे लशुनाचे भेद सांगून गिरिजाला श्रेष्ठत्व दिले आहे. भूमीचा विचार आपल्या आचार्यांना किती महत्त्वाचा वाटत होता, हे त्यावरून दिसते. डोंगरातील आणि शेतातील एकाच द्रव्यात ते तरतम पाहतात. मग समुद्रकाठच्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यावर, उलट्या ऋतुमानात घडलेली दुसरीच जात आपल्या काळ्या जमिनीत एक हिवाळा काढला म्हणून रसोन कशी ठरावी?

दुसरा आक्षेप अभाववर्गाचा येतो. मूळ द्रव्य न मिळाल्यास प्रतिनिधि द्रव्य घ्यावे, ही आपल्या ग्रंथांनी मान्य केलेली वहिवाट आहे. ती मला पूर्ण मान्य आहे. परंतु प्रतिनिधि तेव्हाच, जेव्हा मूळ द्रव्याचा अभाव असतो. आणि प्रतिनिधि घेतल्याचे घेणाऱ्यास ठाऊक असते. लसणाचा अभाव कोठे आहे? प्रत्येक आठवडी बाजारात त्याच्या राशी लागतात. महाग असणे म्हणजे अभाव असणे नव्हे. भाव चढले की प्रतिनिधीची आठवण व्हावी आणि उतरले की विस्मरण व्हावे, अशी ही व्यवस्था आचार्यांनी केलेली नाही.

ह्या निमित्ताने 'एककळी लसूण' ह्या प्रकरणाकडेही लक्ष वेधणे आवश्यक वाटते. रक्तदाब, मेद, सांधे अशा नानाविध व्याधींवर रामबाण म्हणून हा लसूण चढ्या भावाने विकला जातो. रुग्ण तो घेऊन येतात आणि "घेऊ का?" म्हणून विचारतात. खऱ्या लसणातही कधीकधी एकच पाकळी असलेला गड्डा तयार होतो. तो लसूणच असतो, फक्त विभागलेला नसतो. परंतु भूमध्यसागरी जातीची लहान कंदिका लावली, किंवा तिला पुरेशी थंडी मिळाली नाही, तर पहिल्या वर्षी तिचाही असाच अविभक्त गोळा होतो. आपल्याकडचा हिवाळा तिच्या दृष्टीने लहान आणि उबदार. त्या तरुणाच्या शेतात निघालेल्या मालात असे गोळे पुष्कळ होते. ते कोणी एककळी म्हणून विकावयास काढले, तर ओळखणार कोण? अशा वेळी मी रुग्णाला एवढेच सांगतो, की तो घेऊ नका. आणि रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे चालू असतील तर खरा लसूणही आहारापलीकडे मला विचारल्याशिवाय घेऊ नका. मात्रा ज्ञात असलेल्या द्रव्याचीच ठरविता येते. जे आज सौम्य निघाले आणि उद्या तीव्र, त्याची मात्रा कोणी ठरवावी?

औषधशाळाचालकांच्या दृष्टीने कायद्याची बाजूही आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात लशुनाचा वानस्पतिक आधार ॲलियम सॅटायव्हम हाच दिला आहे. वेष्टनावर लशुन छापून आत दुसरी जात घातली, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील मिथ्याछाप, भेसळ आणि बनावट औषधांविषयीच्या ३३-ई, ३३-ईई आणि ३३-ईईए ह्या कलमांपैकी कोणते लागू होईल, ह्याचा खल विधिज्ञांनी करावा. हेतू प्रामाणिक होता, हे माझे उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. २००० साली अनुसूची टी आल्यापासून कच्च्या मालाची ओळख पटवून नोंद ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. आमच्या नोंदवहीत त्या दिवशी 'लसूण, उत्तम प्रतीचा' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

त्या खेपेचे जे पुढे झाले तेही सांगतो. शिल्लक गोळी नष्ट केली. ज्या वैद्यांकडे डब्या गेल्या होत्या, त्यांना एकेकाला दूरध्वनी करून त्या परत मागविल्या. दोघांनी "इतके कशाला, कोणाला कळणार आहे?" असे म्हटले. हे वाक्य आपल्या व्यवसायात फार वेळा उच्चारले जाते. डब्या मात्र त्यांनीही परत केल्या. आजींना नव्या खेपेची डबी दिली. ती उघडून त्यांनी मान हलविली आणि पैसे देऊ लागल्या. ते अर्थातच घेतले नाहीत.

आता आमच्याकडे लसूण सोललेला किंवा वाळवून काप केलेला घेतला जात नाही. गड्डा मुळांसह आणि दांड्याच्या बुडख्यासह यावा लागतो, कारण ओळख तेथेच असते. हत्ती लसणाची पाने लीकसारखी रुंद आणि सपाट. बुडाशी देठाच्या कठीण कंदिका. व्यापारी त्या झाडून टाकतात, तरी त्यांच्या खुणा राहतात. आणि प्रत्येक पोत्यातील तीन-चार पाकळ्या सकाळी अनशापोटी मी स्वतः किंवा आमचे मुख्य कारागीर चावून पाहतो. प्रयोगशाळेतील परीक्षण त्यानंतर. कोणी ह्याला जुनाटपणा म्हणेल. द्रव्यपरीक्षेत रस पाहण्याचे साधन जिव्हाच आहे, आणि ते आपण फार लवकर बाजूला ठेवले असे मला वाटते.

ह्या लेखाचा अर्थ भूमध्यसागरी वनस्पती निरुपयोगी आहे असा कोणी घेऊ नये. जगात अनौषध असे द्रव्य नाही, हा आपला सिद्धान्त आहे. ज्या जातीवर इजिप्तपासून इराणपर्यंतची पाने आणि तोस्कानातील कंद पोसले गेले, तिच्यात आहारमूल्य निश्चित आहे. लसणाचा तीक्ष्णपणा ज्या पित्तप्रकृतीच्या रुग्णांना सोसत नाही, त्यांच्यासाठी हा सौम्य कंद आहारद्रव्य म्हणून उपयोगी ठरण्याचाही संभव आहे. पण मग त्याला अनुक्त द्रव्य म्हणून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या रस-वीर्य-विपाकासह अभ्यासावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्रव्यगुण विषयात प्रबंधासाठी विषय मिळत नाहीत अशी ओरड ऐकू येते, हा घ्यावा. ताजा आणि शुष्क कंद, क्षीरपाक करून आणि न करता, लसणाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

त्या तरुणाला मी पुढच्या हंगामासाठी गावरान लसणाचे बेणे मिळवून दिले आणि उगवलेला माल औषधशाळा बाजारभावाने घेईल असे लिहून दिले. त्याच्या उरलेल्या मोठ्या गड्ड्यांपैकी काही शहरातील एका हॉटेलचालकाने भाजून खाण्यासाठी नेले, तेही 'लीकचा कंद' असे सांगूनच. पाच-सहा गड्डे मी औषधशाळेमागच्या वाफ्यात लावले आहेत. पाने हातभर वाढली, फुलांचा दांडा मात्र अद्याप एकालाही आलेला नाही.

आपल्या भागात असा मोठ्या पाकळ्यांचा किंवा अविभक्त कंद लशुन म्हणून आलेला आढळल्यास, वैद्य व औषधशाळाचालकांनी गड्डा मुळांसह जपून ठेवावा आणि पुरवठादाराचे नाव न देता, केवळ खरेदीचा महिना, तालुका आणि चवीचे वर्णन एवढे ह्या त्रैमासिकाकडे कळवावे.